रास अल खैरचे मंत्रीसाहेब

बातमी फहदनं कळवली. सकाळी अंघोळ करून आलो तर फोनवर त्याचा आवाज येऊन पडलेला. "मोहंदिस, योनास खलास..." एवढंच. मोहंदिस म्हणजे इंजिनिअर. सौदी सोडून नाशकात राहायला आल्याला इतकी वर्षं झाली तरी हा पोरगा मला त्याच नावानं हाक मारतो. पोरगा कसला, आता दोन मुलींचा बाप आहे. मी टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून बसून राहिलो. या गोष्टीला महिना होऊन गेला. लिथुआनियातल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्याबद्दल काय लिहिलं ते मला वाचता येत नाही. माजी परराष्ट्रमंत्री म्हणून टाय लावलेला फोटो छापला असेल. मला टाय लावलेले योनास ओळखूसुद्धा आले नसते.

मी ज्यांना ओळखत होतो ते कामगारांच्या निळ्या डांगरीतले होते. सौदीतल्या रास अल खैरला खाणीच्या मालाचा मोठा प्रकल्प उभा राहत होता आणि मी तिथे इलेक्ट्रिकलला होतो. सौदीकरणाचे दिवस होते ते. प्रत्येक कंपनीला अमुक इतकी सौदी माणसं कामावर दाखवावीच लागत, नाहीतर आमचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, अडकत. उद्या कोणाला विमानात बसवतील याचा नेम नव्हता. अशात हा उंच, पांढऱ्या भुवयांचा माणूस सल्लागार म्हणून आला. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी इंटरनेटवर शोधून काढलं की हे एका देशाचे परराष्ट्रमंत्री होते. मेसमध्ये खसखस पिकली. बशीर, दापोलीकडचा माझा फिटर, म्हणाला, "आमच्या गावचा सरपंच पडला तरी गाडीवरची पाटी काढत नाय, आनि ह्ये मीटर घेऊन फिरतायत?" त्या दिवसापासून ते मंत्रीसाहेब झाले. त्यांना अर्थ सांगितला तेव्हा हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या देशात आता मला याहून वाईट नावं आहेत."

शुक्रवारी बशीर खोलीत शेगडीवर सुरमई तळायचा. मंत्रीसाहेब रंगाचा रिकामा डबा उपडा करून त्यावर बसायचे आणि तिथेच त्यांची कारकीर्द आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळली. वीजकेंद्रातले इंजिनिअर. देश सोव्हिएत सत्तेपासून फुटून निघत होता तेव्हा रणगाड्यांपुढे उभे राहिलेल्यांतले एक. शेजारी उभ्या असलेल्या वर्गमित्राच्या कवटीत गोळी घुसली आणि त्याचं सगळं यांच्या मफलरवर आलं. तरी हे जागचे हलले नाहीत. लोकांनी खांद्यावर घेतलं, निवडून दिलं आणि काही वर्षांत थेट परराष्ट्रमंत्री केलं. छोट्या देशाचा परराष्ट्रमंत्री म्हणजे शेवटच्या पंगतीचा पाहुणा, असं ते स्वतःच म्हणत. जगभर फिरून ते एकच भाषण करीत : आम्ही निःशस्त्र होतो, आमच्या हातून रक्त सांडलं नाही. मग एकदा परदेशी बातमीदारानं सहज विचारलं, "एकदाही नाही?" आणि हे गप्प राहिले नाहीत. त्याच दिवसांत एका लहान गावात तुकडीपासून चुकलेला एक कोवळा सैनिक लोकांच्या हाती लागला होता. लोकांनी त्याला फावड्यांनी, बुटांनी मारलं. दात रस्त्यावर पडले होते. "मी दोन माणसांचे कोट धरून उभा होतो," योनास म्हणाले, "त्यांना मारताना अडचण होऊ नये म्हणून. तो जगला की मेला, मला कधीच कळलं नाही."

मंत्रीपद त्या एका उत्तरात गेलं. दाराला डांबर फासलं गेलं. भर बाजारात एका म्हाताऱ्यानं काठीनं त्यांचं नाक फोडलं. त्या म्हाताऱ्याचा मुलगा रणगाड्याखाली गेलेला होता, म्हणून यांनी तक्रार केली नाही. मला तर त्यांचा रागच आला. मी म्हटलं, "कोणी साक्षीदार नव्हता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कशाला बोललात?" मासा खाता खाता म्हणाले, "त्यानं प्रश्न विचारला होता." असल्या माणसानं राजकारणात जाऊच नये, असं मला वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

आता त्या कुलपाबद्दल सांगायला हवं. कारखान्यात कोणी यंत्राच्या आत उतरणार असेल तर तो आधी वीज बंद करतो, तिथल्या खटक्याला स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्ली खिशात ठेवतो. कुलपावर त्याचं नाव असतं. तो बाहेर येऊन ते काढेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. साधा, सोन्यासारखा नियम आहे. पण बशीरच्या इकाम्यावर हुद्दा होता स्वयंपाकी. फिटरच्या जागेवर कंत्राटदारानं फहद नावाचा सौदी तरुण कागदावर दाखवला होता. फहद महिन्यातून एकदा सही करायला यायचा, एरवी घरी. काम बशीरच करायचा. स्वयंपाक्याला कुलूप कसं देणार? म्हणून कंत्राटदाराच्या माणसानं त्याच्या हातात फहदच्या नावाचं कुलूप ठेवलं. असे कितीतरी फहद आणि कितीतरी बशीर होते, आणि हे वरपासून खालपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दुपारी बशीर कन्व्हेयर बेल्टच्या शेपटाकडच्या रोलरपाशी आत शिरला होता. पाळी बदलली. नवा पाळीप्रमुख दुसऱ्या प्रकल्पावरून आलेला. त्यानं कुलूप पाहिलं, नाव वाचलं, फहदला फोन लावला. फहद घरीच होता. तो खरं तेच बोलला, मी घरी आहे. नियमाप्रमाणे कुलूपवाला आवारात नाही याची खात्री झाली की ते तोडता येतं. त्यांनी ते तोडलं. सगळं नियमाला धरून झालं... बेल्ट सुरू झाल्यावर आलेला आवाज मी पंपघरात ऐकला. बशीरला रोलरमधून काढायला मी होतो. काय काढलं ते लिहीत नाही. हातमोजा तेवढा अख्खा होता.

आणि कंत्राटदारानं काय करावं? पंचनामा व्हायच्या आत सह्या जुळवायला फहदलाच बोलावून घेतलं. स्वतः मात्र मागच्या फाटकानं पसार झाला. फहद पांढरा झगा घालून, काय झालंय याचा पत्ता नसलेला, गाडीतून उतरला. तोवर कँपातले शेकडो कामगार जमले होते. नेपाळी, पाकिस्तानी, बिहारी, आपले कोकणातले, सगळे. कुणीतरी ओरडलं, "यही है फहद." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. पाइपाचे तुकडे, लोखंडी पाने, हेल्मेट, हाती येईल ते त्याच्यावर पडत होतं. झगा लाल झाला. माझं खरं सांगू? बशीरला काढून माझे हात अजून ओले होते आणि मला ते थांबायला नको होतं.

योनास माझ्या शेजारून गेले. धावले नाहीत, ओरडले नाहीत, हात वर केले नाहीत. गर्दीत शिरले आणि फहदवर पालथे पडले. मारणाऱ्यांचे हात थांबायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्यांचा उजवा हात मोडला, बरगड्या गेल्या, कानामागे पान्याचा घाव बसला. मंत्रीसाहेब आहेत हे ओळखून एक जण मागे सरला, मग दुसरा. मग पोलीस आले आणि त्यांनी सरसकट सगळ्यांना बडवलं, मला सुद्धा. फहदचा डावा डोळा गेला. जीव वाचला. तेव्हापासून तो योनासच्या आणि माझ्या कायम संपर्कात राहिला.

जवळच्या जुबैल शहरातल्या इस्पितळात पोलिसांनी योनासना विचारलं, कोणी मारलं? ते म्हणाले, "मी पालथा होतो. चेहरे दिसले नाहीत." पण कुलूप कोणी दिलं, हे न विचारता सांगितलं, लिहून घ्यायला लावलं. कंपनीला ते नको होतं. चौकशीत ठरलं की बशीरनं दुसऱ्याचं कुलूप चोरून वापरलं, दोष त्याचा. मंत्रीसाहेबांना प्लास्टरसकट विमानात बसवण्यात आलं. मी फाटकापाशी निरोप द्यायला गेलो तर म्हणाले, "विजय, बशीरच्या बायकोकडे मला घेऊन चल."

हात जुळून आल्यावर ते खरंच आले. मी रजा घेऊन मुंबईला गेलो आणि त्यांना दापोलीपलीकडच्या त्या गावी नेलं. बशीरची बायको झुबेदा पडवीच्या पायरीवर बसली होती, आत त्याची आई आणि मुलगी. चौकशीचा निकाल गावात पोचला होता. झुबेदानं पहिलं विचारलं, "तो पोरगा जिता हाय?" मी हो म्हटलं. "मंग माज्या मानसाचा जीव घेतलान त्याला ह्या बाबानं वाचवलान? मारायला पायजे हुता. तुकडे करायला पायजे हुते." मी योनासना इंग्रजीत सांगितलं की बाईला फार दुःख झालंय. ते म्हणाले, "ती एवढं थोडं बोलली नाही. मंत्री होतो तेव्हा दुभाषे माझ्यासाठी असंच गोड करायचे. सगळं सांग." मी सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घातली नाही. तिच्याकडे बघत म्हणाले, "फहदनं त्याला मारलं नाही. आणि बशीरची चूक नव्हती." पहिल्या वाक्याला ती थुंकली. दुसरं तिनं मला परत विचारलं. मग म्हणाली, "ह्ये त्यांना आपल्या भाषेत बोलूं दे." त्या पायरीवर बसून एका परराष्ट्रमंत्र्यानं तीन शब्द शिकायला अर्धी दुपार घालवली. ती चुका काढत होती, पुन्हा म्हणायला लावत होती, आणि डोळ्यांना पदर लावत नव्हती. त्यानंतर दर ईदला त्यांचा तिला फोन जाई. ख्यालीखुशाली नाही, भाषाच नव्हती. बशीरची चूक नव्हती... एवढं म्हणायचे आणि तिनं "बरं" म्हटल्यावर ठेवायचे. तेवढं जगात दुसरं कोणीच म्हणत नव्हतं.

फहदचा निरोप ऐकल्यावर मी तिला फोन केला. योनास गेले म्हटल्याबरोबर तिनं विचारलं, "कोनी मारलान?"

"कोणी नाही भाभी. झोपेत गेले."

"बरं झाला," ती म्हणाली. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"पन मंग आता ता कोन बोलनार?"

मी म्हटलं, "बशीरची चूक नव्हती."

"मोठ्यान बोला," ती म्हणाली. "फोन सासूच्या कानाला लावलाय. तिला कमी आयकू येता."

मी खुर्चीतून उठलो आणि नाशकातल्या माझ्या फ्लॅटमध्ये, शेजारची दारं उघडेपर्यंत, ओरडून म्हणत राहिलो.