कमलाची गोष्ट आणि शनिवारची पोरं

लिहून संपायच्या आत कादंबरी मुलांना वाचून दाखवू नये. हे मला कळेपर्यंत किस्से ढीगभर साचले होते.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी आठ-दहा पोरं जमायची. मी त्यांना माझी कादंबरी वाचून दाखवायचे. फाळणीनंतर सिंधमधून उल्हासनगरच्या छावणीत आलेली दहा वर्षांची कमला, वाटेत वारलेले तिचे वडील, आणि अजिबात न रडणारी ती. ते शनिवार आठवले की अजून हळवं व्हायला होतं.

पहिल्याच दिवशी बदलापूर गावातला ओंकार म्हणाला, "मॅडम, बाप गेला नि ही रडत नाय? स्टोरी फेक वाटते."

वर्षभर खपून लिहिलं होतं हो मी!

*

उल्हासनगरची भाविका एकदा आजोबांना घेऊन आली. माझ्या गोष्टीतल्या छावणीत पाहुण्यांना चहा मिळत होता. आजोबांनी तिथेच थांबवलं. "मॅडम, सिंधी घर में पहले पापड और पानी. चाय बाद में."

मी मुकाट्याने चहा खोडला. पुढच्या शनिवारी ते पापडांचा डबाच घेऊन हजर. त्या कुरकुर आवाजात कमलाची गोष्ट कोणी ऐकली नाही.

*

मग पोरांनी कमलाच्या वडिलांना जिवंत करायचा ठराव मांडला. सगळ्यांचे हात वर. फक्त नऊ वर्षांच्या सईचा खाली. तिचे बाबा आनंदनगरच्या एका कारखान्यात होते, आदल्या वर्षी वारले.

"तसं होत नसतं," ती एवढंच म्हणाली. जाताना मात्र तिने सगळी पानं घरी न्यायला मागितली. मी दिली.

*

पुढचे दोन शनिवार सई आली नाही. मी धास्तावले. पोरीची जखम आपण उगाच उघडी केली, आता ही कादंबरी बासनात गुंडाळायची, असं ठरवलंच होतं.

तिसऱ्या शनिवारी तिची आई दारात. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली की पानं परत द्यावी लागतील म्हणून सई येत नाही. रोज संध्याकाळी ती आईला गोष्ट वाचून दाखवते. फक्त वडील जातात ती पानं गाळते. इथे काही विशेष नाही, म्हणते.



"ती शाळेत गेली की मी वाचते ती पानं," आई म्हणाली. "तिला सांगू नका, मॅडम."