खरारा आणि खर्राटे

तुमच्या घरी बैठकीत घोडीचा जो फोटो लावलाय, त्यात एक बाई घोडीच्या गळ्याला मिठी मारून उभ्या दिसतात. मुलांनो, ती मिठी नाही, मसाज आहे.

तेव्हा दिल्लीबाहेर मानेसरच्या वाटेवर मोहरीची शेतं जाऊन फार्महाउसं उठत होती. त्यातलं एक होतं मोटारींचे सुटे भाग पुरवून अचानक मोठ्या झालेल्या एका गृहस्थांचं. पैसा आला की माणसं आधी संगमरवर घेतात, मग कुत्रा. यांनी थेट घोडी घेतली. बसायची मात्र छाती नव्हती, म्हणून रविवारच्या उड्यांच्या स्पर्धेत तिच्यावर बसणार होती तुमची आई. लग्न ठरलेलं, आणि हट्ट शाळकरी पोरीचा.

त्या आठवड्यात खोगीर चढवलं की घोडी पाठ चोरायची. एकदा तर तुमची आई पडता पडता वाचली. ऐन उडीत असं झालं तर तिची मान मोडेल, याचीच मला धास्ती. मालकांनी उपाय म्हणून परदेशात कोर्स केलेल्या मसाजवाल्या बाई आणल्या. बाईंनी तबेल्यात, वाळल्या गवताशेजारी, सुगंधी मेणबत्ती लावली आणि घोडीच्या अंगावरच्या कालच्या चिखलावरच लॅव्हेंडरचं तेल चोळायला घेतलं.

माझे वडील लष्करात घोड्यांचे डॉक्टर. मला राहवेना. "अगं, त्यांना म्हणावं, आधी घोडीला खरारा तरी करा!"

दिल्लीत वाढलेली तुमची आई खरारा म्हणजे हिंदीतले खर्राटे, घोरणं, असं समजली आणि खो खो हसली. "आई, काहीही! ती कुठे खर्राटे घेते?" आणि वर बाईंना सांगून मोकळी, "मम्मी कह रही हैं, घोड़ी खर्राटे लेती है."

"बिल्कुल!" बाईंचे डोळे चमकले. "टेन्शन गले में ही तो बैठती है." पाठ सोडून त्यांनी गळा धरला. फोटो तेव्हाचा.

"आंटीजी, ये साइंस है," मालक मला म्हणाले.

"सायन्सला आंघोळ वर्ज्य आहे का?" मी मराठीत विचारलं. ते आदराने हसले.

बाई चहाला गेल्यावर मी ब्रश घेतला आणि तुमच्या आईला खरारा म्हणजे काय ते करूनच दाखवलं. खोगिराच्या जागी, तेलाने चिकटलेल्या केसांत, तिच्या बोटाला काटा टोचला.

"गोखरू!"

"मराठीत सराटा," मी म्हटलं. आता ती हसत नव्हती. खोगिराखालचं कापड झटकलं, तर त्यातही काटे. कुणीतरी ते बाहेर जमिनीवर टाकून तसंच उचललं होतं.

रविवारपर्यंत तुमच्या आईने कुणाला खोगीर चढवू दिलं नाही, आणि त्या दिवशी पाठ, कापड स्वतः तपासून स्वतःच चढवलं. घोडी सगळ्या उड्या मारून सुखरूप आली. मग मालकांनी जिंकलेला कप उंचावून, माइकवरून, मसाजचे आभार मानले. बाईंनी हात जोडून ते स्वीकारले. तुमची आई घोडीवरूनच माझ्याकडे पाहत होती, आणि मोठ्याने घोरत होती.