उरकुडाने राखलेला बर्फ

बर्फ एका दमात साचत नाही. आज थोडा पडतो, उद्या थोडा. खालचा दबून टणक होतो, वर नवा येऊन बसतो. मग कोणी खड्डा खणला की सगळे थर दिसतात. आमचे किस्सेही असेच साचलेत. सिहोऱ्यात कोणाकडे पाहुणा आला की लोक त्याला माझ्याकडे पाठवतात, "जा, बुढ्याले बर्फाचं विचार!" मी हळू बोलणारा माणूस, शाळाही चौथीपर्यंतची. पण कोणी विचारलं तर नाही म्हणवत नाही.

आम्ही चौघं होतो. मी आणि झिबल सिहोऱ्याचे, उरकुडा आंबागडचा, सुखदेव शहापूरचा. आमच्या भागात जमिनीतले दगड तपासायला एक सरकारी साहेब यायचे, त्यांच्या हाताखाली आम्ही तंबू ठोकायचो, सामान वाहायचो. झिबल स्वयंपाक करायचा. सुखदेव मॅट्रिक, म्हणून आकडे त्याच्याकडे. आणीबाणी उठली, त्यानंतर एक-दोन वर्षांनी साहेबांची बदली उत्तरेला झाली, थेट हिमालयात! तिथे एक हिमनदी होती, म्हणजे बर्फाचीच नदी. ती उन्हाळ्यात किती वितळते, तिथे थंडी किती, वारा किती, हे सारं मोजायचं काम. साहेब म्हणाले, "माणसं मी माझीच नेणार."

*

बर्फ मोजायला बांबू लागतात. बर्फात खोल भोक पाडून बांबू उभा करायचा. बर्फ वितळला की बांबू तेवढा उघडा पडतो. साहेबांनी बांबू आंबागडच्या जंगलातलेच मागवले. उरकुडाने स्वतः निवडून कापले. तुमसर रोड स्टेशनवर आम्ही भारे घेऊन उभे, तर पार्सलबाबू म्हणाला, "काहो, कुठं मांडव घालाले चालले?"

"मांडव नाही बाबू, बर्फ मोजाले!"

बाबू हसला. "अबे, बर्फ किलोनं मोजतेत. बांबूनं कायले?"

उरकुडा छाती काढून म्हणाला, "आमचा बर्फ तराजूत मावत नाही!"

*

वर पोचलो तर तिथले मोठे साहेब आमच्या पायातल्या चपलांकडेच बघत राहिले. ते पहाडातलेच.

"ये धान के खेतवाले? बर्फ देखी है कभी?"

उरकुडा लगेच पुढे. "देखा ना साहेब! तुमसर के बाजार में. शरबत में!"

आम्ही हसलो, मोठे साहेब हसले नाहीत. आमच्या साहेबांना म्हणाले, "एक सीजन देखूँगा. नहीं जमा, तो अगले साल से पहाड़ी मजदूर."

त्या दिवसापासून आमच्या साहेबांचा शब्द आमच्या हातात होता. घरी पोटापुरती धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, होती, उपाशी मेलो नसतो. पण 'धानवाल्यांना जमणार नाही' हे मात्र आम्हा चौघांनाही लागलं.

*

सर्वात आधी हरला झिबल. सकाळपासून भाताचं पातेलं, आमचं गंज, चुलीवर, पाणी खदखदतंय आणि तांदूळ आपले कच्चेच. भंडाऱ्याचा माणूस आणि त्याचा भात शिजत नाही! बिचारा रडकुंडीला आला.

"साहेब, पाणी तं उकळून राहिलं, मंग भात काहून नाही होत?"

साहेबांनी समजावलं की इतक्या उंचीवर हवा विरळ असते, पाणी लवकर उकळतं, पण तितकं तापत नाही.

झिबलने विचार केला. "म्हंजे मोठ्या साहेबावानीच! उकळते लय, शिजत काही नाही!"

तंबूतून मोठ्या साहेबांनी विचारलं, "क्या बोला?"

"कुछ नहीं साहेब, भात को टाइम लगेगा!"

पुढे खालून प्रेशर कुकर आला. पहिली शिट्टी झाली तेव्हा झिबलने त्याला हात जोडले.

*

सुखदेव रोज सकाळी यंत्रं वाचायचा आणि वायरलेसवर खाली आकडे सांगायचा. काय आवाज लागायचा त्याचा! बोटं सुजली तरी एक सकाळ चुकवली नाही. ते आकडे खालून दिल्लीला जातात, एवढंच आम्हाला माहीत.

इकडे शहापूरला हायवेच्या हॉटेलात त्याचे वडील रेडिओजवळ बसायचे. उत्तरेत बर्फ पडल्याची बातमी लागली की सगळ्यांना गप्प करायचे. "चूप ना बे! माया सुखदेव बोलून राहिला!"

कोणीतरी म्हणालं, "काका, हा तं दिल्लीवाला बोलते."

"आवाज त्याचा रे! आकडा माया पोराचा हाये!"

आम्ही परतल्यावर हे आम्हाला त्या हॉटेलवाल्याने सांगितलं. सुखदेव चहाचा कप घेऊन हायवेकडे तोंड करून उभा राहिला.

*

आणि उरकुडा! एक बांबू त्याच्या एकट्याकडे सोपवला होता. कडक ऊन पडायला लागलं तसा त्याच्या जिवाला घोर लागला. आमच्याकडे बर्फाची लादी गोणपाटात नि भुशात ठेवतात, हे त्याने पाहिलेलं. त्याने कोणाला न विचारता बांबूच्या बुडाशी गोणपाट टाकलं, सामानाच्या पेटीतलं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलं आणि निवांत झाला.

मोठे साहेब तपासणीला आले. चहूकडचा बर्फ कमरेइतका खाली गेलेला आणि मधोमध उरकुडाचा बांबू तुळशीवृंदावनावर उभा असावा तसा उंच ओट्यावर! बुडाचा बर्फ ना तसूभर वितळला, ना काही.

"ये किसने किया?"

उरकुडाला वाटलं शाबासकी आहे. "हमने साहेब! हमारा बर्फ हमने राखा. बाकी का तुमने फुकट जाने दिया!"

आमचे साहेब हसता हसता बर्फातच बसले. मोठे साहेब मात्र लाल झाले. त्या बांबूचा पूर्ण हंगाम वाया गेला होता. "बस! अब अगले साल की बात मत करना."

उतरताना उरकुडा गोणपाट काखेत घेऊन सगळ्यांच्या मागे चालत होता.

*

हिवाळा गेला, होळी गेली. बोलावणं आलं नाही. पोस्टमन दिसला की आम्ही चौघंही दुसरीकडे बघायचो.

नवतपा लागला, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस. एक दिवस आम्ही आंबागडला उरकुडाकडे जमलो होतो, तर जीप आली. आमचे साहेब, सोबत मोठे साहेब! नागपुरात मीटिंग होती. आमच्या साहेबांनी त्यांना बांबूचं जंगल दाखवायला ओढून आणलं होतं. भर दुपार, जाड लोकरी पँट, डोक्यावर काही नाही. आंबागडच्या किल्ल्याच्या पायथ्याशी मोठे साहेब दोन पावलं डगमगले आणि मोहाच्या झाडाखाली कोसळले.

आम्ही त्यांना सावलीत सरळ निजवलं. झिबल हुंगवायला कांदा फोडत होता, सुखदेव पाण्याला धावला. उरकुडा घराकडे पळाला तो गोणपाट घेऊनच आला. विहिरीत बुडवून साहेबांच्या अंगावर टाकलं, वरून ओलं तणीस पसरलं. त्याची बायको कैरीचं पन्हं चमच्याने पाजत राहिली.

बऱ्याच वेळाने मोठ्या साहेबांनी डोळे उघडले. छातीवरचं तणीस चाचपलं.

"ये क्या है?"

उरकुडा हात जोडून उभा. "कुछ नहीं साहेब. तुमको वितळने नहीं दिया."

मोठे साहेब मग अंगावरचं गोणपाट न काढता, पडल्या पडल्याच म्हणाले,

"इस साल के बाँस कब काटोगे?"