सातवा सामना

शाळेतून निवृत्त झाल्यावर पुण्याच्या भाचीने मला घरबसल्या टायपिंगचं काम मिळवून दिलं. परदेशातली माणसं आवाजाची रेकॉर्डिंग पाठवतात, ती ऐकून शब्दन् शब्द उतरवायचा. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे जमून गेलं. मागच्या हिवाळ्यात एका अमेरिकन म्हाताऱ्याचं रेकॉर्डिंग आलं. तो आता हयात नव्हता. पन्नासच्या दशकात तो तिकडचा फुटबॉल पैसे घेऊन खेळायचा, आणि त्यातल्या एकाच हंगामाची हकिगत त्याने मरण्याआधी मुलीला सांगितली होती. एकूण बारा सामने.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. यात चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरचे पळणाऱ्याला आडवं पाडतात. मला खेळातलं काही कळत नव्हतं. मी नुसते शब्द उतरवत होते.

हेडफोनने माझे कान दुखतात, म्हणून मी स्पीकर लावून ऐकायची. आमच्या गावच्या बाजारात मिरचीची आवक जोरात होती. हवेत तिचा ठसका उठत होता, म्हणून खिडक्या बंद असत आणि म्हाताऱ्याचा आवाज घरभर घुमायचा. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ब्याऐंशी वर्षांचे. ते खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले.

"काय सांगी ऱ्हायना हाऊ?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

मी सांगितलं. मधोमध रेघ, दोन्हीकडे माणसं वाकून उभी, इशारा झाला की एकमेकांवर तुटून पडायचं, हात-हात करत जमीन पुढे घ्यायची.

"मंग हाई ते कबड्डीच शे," आबा म्हणाले.

तरुणपणी ते तालुक्यात गाजलेले कबड्डीपटू होते, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. कोपऱ्यावर उभं राहायचं आणि चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा, ही त्यांची जागा. त्यानंतर रोज सकाळी दहाला ते येऊन बसू लागले. मी एक तुकडा टाइप करायची आणि मग अहिराणीत सांगायची. त्या माणसाच्या डोक्यावरच्या टोपाला तोंडापुढे जाळी नव्हती, हे त्यांना पटलं. हंगाम संपला की तो दुधाची गाडी चालवायचा, हेही पटलं. पहिल्या सहा सामन्यांत म्हाताऱ्याचा संघ पाच हरला, तेव्हा आबा चिडले. "त्यास्ना कप्तानच बेकार शे," असा निकाल त्यांनी दिला.

सातव्या सामन्यात समोरच्या संघातला एक चपळ गडी चेंडू घेऊन सुटला. म्हाताऱ्याने बाजूने झेप घेऊन त्याच्या गुडघ्यावर अंग टाकलं. नियमात होतं, पंचांनी दंडही दिला नाही. तो गडी परत कधी खेळला नाही.

रेकॉर्डिंगमध्ये मुलीने विचारलं, "तुम्ही नंतर त्याला भेटलात?"

"नाही. पत्ता होता माझ्याकडे," म्हातारा म्हणाला. पुढे बराच वेळ काहीच नव्हतं. नियमाप्रमाणे मी कंसात 'शांतता' असं लिहिलं.

"काबर थांबना?" आबांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते उठले आणि खुर्ची तिथेच ठेवून आत गेले. दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी धोतर बदलून, टोपी घालून दारात उभे.

"माय, नवापूर जानं शे. तू चाल मन्हासंगे."

गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं. नवापूरच्या संघात एक सुताराचा मुलगा होता, चढाईत त्याला कोणी अडवू शकत नसे. शेवटच्या सामन्यात आबांनी त्याचा घोटा धरला आणि वरून बाकीचे पडले. "त्याना पाय मोडना. मन्हाकडथाईन." ही गोष्ट सासूबाईंनाही माहीत नव्हती.

नवापूरला उतरून विचारत विचारत मशिदीमागच्या गल्लीत गेलो. एक म्हातारा ओट्यावर पाय लांब करून नवा पोळपाट काचकागदाने घासत बसला होता. डावा पाय वाकत नव्हता. त्याने चष्म्यातून आबांकडे पाहिलं आणि लगेच ओळखलं.

"ये. बठ."

आबा उभेच राहिले. म्हणाले, "मी तुन्हा पाय मोडा."

"पाय खेळमा मोडना," तो म्हणाला. "त्यानं काही नही. मी सहा महिना खाटवर व्हतू. तुन्हा गावना सगळा पोऱ्या भेटाले उनात. तूच उना नही."

आबा ओट्याच्या कडेला टेकले. त्याच्या सुनेने चहा आणला. मग दोघं पावसावर आणि सागाच्या लाकडावर बोलले, मी फोन पाहत बसले. निघताना आबांनी हात जोडले. त्याने सलाम केला, पण परत ये असं म्हणाला नाही. परतीच्या गाडीत आबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, विषय संपला.

पुढचे सामने मी एकटीनेच टाइप केले. आबा आले नाहीत, आणि मीही बोलावलं नाही. अकराव्या सामन्याला पोहोचले त्या आठवड्यात ते कोणाला न सांगता सकाळच्या गाडीने नवापूरला गेले. दुपारी परत आले.

"काय बोलनात?" मी विचारलं.

"काहीच नही. त्यानी काम करं, मी बठनू."

त्यानंतर ते दर पंधरा दिवसांनी तिकडे जातात. अमेरिकन म्हाताऱ्याच्या संघाने बाराव्या सामन्यात गोठलेल्या मैदानावर शेवटच्या मिनिटात विजय मिळवला होता. मी काम पाठवून दिलं, मुलीचा दोन ओळींचा आभाराचा निरोप आला. आबांना मी तो विजय सांगितला तेव्हा ते चपला शोधत होते. "चांगलं व्हयनं," म्हणाले, आणि नवापूरच्या गाडीची वेळ विचारली.