हौसाने पाहिलेली खिंड

मार्गशीर्षात विसापूर गडाच्या उतारावरचं गवत वाळू लागलं की त्याला एक उबदार, किंचित गोडसर वास येतो. ऊन चढत जातं तसा तो दाट होतो आणि चालणाऱ्याच्या केसांना, कपड्यांना, श्वासालाही लागून राहतो. गेल्या मार्गशीर्षात तो उतार चढताना हौसा एकाएकी थांबली, मागे वळून पवनेच्या पाण्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “शुभा, ह्याच्याहून लय उंच डोंगर कसा असंल गं?”

हौसा माझी शाळेतली मैत्रीण. माझे वडील मळवली स्टेशनात नोकरीला होते, तेव्हा भाजे गावची ही मुलगी वर्गात माझ्या शेजारी बसायची. पुढे मी लोणावळ्यात भूगोल शिकवला, तुंगार्लीत घर केलं; ती भाज्यातच नांदली, भातशेती सांभाळत शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना जेवूखाऊ घालू लागली. जन्मभर मी फळ्यावर हिमालय काढला, पण पाहिला मात्र नव्हता! तिच्या त्या प्रश्नाने माझ्यातलं काहीतरी निजलेलं जागं झालं. घरी परतेपर्यंत आमचं ठरलंही होतं.

पुण्याचा एक गट ज्येष्ठात हिमाचलातली एक उंच खिंड ओलांडणार होता. वाटेत तंबूत राहायचं की गावातल्या घरांत, हे ज्याचं त्याने निवडायचं होतं. मग काय, हिवाळाभर माझ्या व्हरांड्यात नकाशा पसरलेला! मला तंबू हवा होता, डोक्यावर नक्षत्रांनी ओथंबलेलं आकाश हवं होतं. हौसाला घर हवं होतं.

“आगं, थंडीत चुलीम्होरं बसाया न्हाई मिळालं, तर काय करायचं त्या चांदण्यांचं?”

शेवटी तिचंच खरं झालं. मी एकेक घर शोधू लागले. दिवसा उंच चढावं पण झोपायला थोडं खाली यावं, म्हणजे विरळ हवेची शरीराला सवय होते, हे कळल्यावर दोन मुक्काम बदलले. एका घराच्या अंगणात अक्रोडाचं झाड होतं, दुसऱ्याला नदीवर झुकलेला लाकडी सज्जा. तिसरं हौसाने निवडलं. का, तर फोटोच्या कोपऱ्यात गाय दिसत होती! न पाहिलेल्या घरांशीही माणसाचा किती जिव्हाळा जडतो! त्या सज्जात मी किती सकाळी मनानेच चहा प्याले असेन.

आणि मग निघण्याआधीच्या तपासणीत माझ्या हृदयाने मला गाठलं. डॉक्टर मृदूपणे म्हणाले, “आपले हे डोंगर सावकाश चढा, हरकत नाही. पण तिथं नको. तिथं मी तुम्हाला पाठवणार नाही.”

हौसाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग ऱ्हाऊ दे. तू न्हाई तर मी बी न्हाई.” मी तिला विनवलं, रागावले. अखेर तिच्या सुनेनेच तिची पिशवी भरली. “जावा, आत्या. घराचं मी बगते,” असं ती म्हणाली आणि हौसा गेली.

तिच्यामागे मी तुंगार्लीत बसून तिच्याबरोबर चालत होते. आज ती अक्रोडाच्या झाडाखाली असेल, आज सज्जात. पाय धड होते, छाती निरोगी होती, तेव्हा मी कुठे होते? दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्याचा वायदा करत होते. आयुष्य आपल्याला नाही म्हणत नाही; ते नुसतं थांबतं, आणि आपण त्याचं थांबणं ही संमती समजतो.

हौसा परतली ती उन्हाने रापून, नाकाची सालं निघालेली. मी अधीरपणे विचारलं, “कशी होती खिंड?”

“काय न्हाई गं. नुस्ता बर्फ. लय दम लागतो. आपला विसापूरच बरा.”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आपलं फार काही हुकलं नाही, या दिलाशावर चार दिवस सुखात गेले.

पाचव्या दिवशी भाज्याला गेले. तिच्या घरात शेजारच्या बायका जमल्या होत्या आणि आतून हौसाचा आवाज येत होता. असा आवाज मी शाळेनंतर कधी ऐकला नव्हता.

“खिंडीत पोचलो, आन् म्होरं डोंगर सपंचनात, बायांनो! ह्येच्या मागं त्यो, त्येच्या मागं आनिक. मला रडूच फुटलं. वाटलं, आता हितंच बसावं, माघारी जाऊच नये...”

मी दारात दिसले आणि तिचं वाक्य तुटलं. “ये शुभा, च्या टाकते,” म्हणत ती उठली. बायकाही एकेक करून पांगल्या.

“मला का नाही सांगितलंस हे?”

ती पदराशी चाळा करत राहिली. “कसं सांगू? समदं तू ठिवलंस ठरवून, आन् गेले मी.”

हिमालय हुकल्याचं दुःख तोवर मला फार मोठं वाटत होतं. पण आपल्या दुःखाची छाया एवढी लांब पडावी, की जिवलग मैत्रिणीने आपला परमानंद घडी करून लपवून ठेवावा? याची रुखरुख त्याहून खोल गेली. ती मला जपत होती, आणि त्या जपण्यात दोघीही एकट्या पडलो होतो.

“चहा राहू दे,” मी म्हटलं. “बस इथं. पहिल्या घरापासून सांग. काही गाळू नकोस.”

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि भिंतीला टेकून बसली. आधी चाचरत, मग भरभरून बोलू लागली. अक्रोड अजून कोवळे होते. सज्जातून नदीचा आवाज इतका मोठा, की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. गाईने तिचा हात चाटला. मग चढ, मग बर्फ, मग पहाटेच्या उजेडात ती खिंड. तिच्या बोलण्यामागून मीही तिथे पोचले, तेव्हा माझे डोळे वाहू लागले.

“थांबू नकोस गं,” मी म्हटलं. “अजून पलीकडे उतरायचंय.”