फोलाकेच्या खापरपणजोबांची खोली

मोठ्या चादरीची घडी एकटीने घालता येत नाही. दोघींनी चार टोकं धरायची, ताणायची, जवळ यायचं, परत लांब जायचं. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या आमच्या रेस्ट होमच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, लाँड्रीत रोज ढीगभर चादरी निघायच्या. इतक्यांदा समोरासमोर यायचं म्हटल्यावर नुसतं हवापाण्यावर किती बोलणार? असे हे किस्से साठत गेले. बहुतेक फोलाकेचे. आणि खरं सांगते, बहुतेक भीतीचे.

*

फोलाके नायजेरियाची, योरुबा समाजाची. अंगाने दणकट, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी. मला ‘सिस्टर’ म्हणायची. रेस्ट होममध्ये एखादे आजोबा वारले की त्यांची खोली रिकामी व्हायची आणि चादरी काढायला आम्ही जायचो. फोलाके त्या रिकाम्या खोलीच्या दारावर आधी तीनदा टकटक करायची, थांबायची, मग आत.

“अगं, आत कोणी नाही,” मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं.

“तुला कोणी सांगितलं?”

तेव्हापासून मीही टकटक करते.

*

तिचे खापरपणजोबा सेनापती होते. इबादान शहरात त्यांचं मातीचं मोठं घर आहे आणि त्यांना पुरलंय त्याच घरातल्या एका खोलीत, जमिनीखाली. त्यांच्यात तशीच पद्धत होती. फोलाकेचे वडील गेल्यापासून त्या खोलीला कुलूप, आणि थोरली म्हणून घराबाबत शेवटचा शब्द तिचा.

२०१६च्या सुमाराची गोष्ट. तिच्या भाच्याने, टुंडेने, सरकारी माणसं घरी आणली. घराची डागडुजी करायची आणि लोकांना बघायला खुलं करायचं असं ठरत होतं. फोलाके आठवडाभर गाणी गुणगुणत होती. मग टुंडेने नकाशा पाठवला. तिने तो फोनवर मोठा करून पाहिला आणि हातातले टॉवेल खाली पडले.

“काय झालं?”

“तिकिटाची खिडकी. बरोबर त्यांच्या छातीवर.”

तिने लगेच टुंडेला फोन लावला. तो म्हणाला, “आत्या, तेवढी एकच खोली कोरडी आहे. बाकी सगळीकडे गळतंय. पावसाळ्याआधी हो म्हण, नाहीतर उरलेल्या भिंतीही जातील.”

हो म्हटलं तर परकी माणसं त्यांच्या अंगावरून चालणार. नाही म्हटलं तर घर मातीला मिळणार. फोलाके फोन पालथा ठेवायला लागली.

*

मी घरी मुलीला हे सांगितलं. ती इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमधून.

“आई, जस्ट पुट ग्लास ओव्हर इट. इझी.”

दुसऱ्या दिवशी मी फोलाकेला म्हटलं, वरून काच बसवा. तिने चादर ताणून धरली आणि हळूच विचारलं, “आणि त्यांना उठायचं असलं तर?”

त्या दिवशी टेबलाखाली गेलेला मोजा मी काढायला वाकले नाही.

*

आमच्याकडे जमीन हलणं नवीन नाही. एका सकाळी ड्रायर थरथरायला लागले, कपाटं वाजली, आम्ही दोघी टेबलाखाली. हलणं पुरतं थांबायच्या आत फोलाकेने टुंडेला फोन लावला.

“भूकंप झाला. घर उभं आहे का?”

तो जेवत होता. “आत्या, भूकंप तुमच्याकडे झालाय ना?”

“ते मला कळतंय. घर उभं आहे का?”

*

सात नंबरच्या खोलीत हेमी नावाचे नव्वदीचे माओरी गृहस्थ होते. वडीलधाऱ्याला म्हणतात तसं आम्ही त्यांना ‘मातुआ’ म्हणायचो. उशीचा अभ्रा बदलता बदलता फोलाकेने त्यांना सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं,

“कोणाकोणाला विचारलंस?”

“भाच्याला, सरकारी माणसांना, या सिस्टरला, सिस्टरच्या मुलीला.”

“आणि ज्याची खोली आहे त्याला?”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिने टुंडेला व्हिडिओ कॉल केला. तिकडे संध्याकाळ झालेली, वीज गेलेली. फोन साबणाच्या डब्याला टेकवून ठेवला. टॉर्चच्या उजेडात ते बंद दार दिसत होतं. फोलाकेने ॲप्रन काढला आणि लाँड्रीच्या फरशीवर गुडघे टेकले. मी ड्रायर बंद केले. तिने आपल्या भाषेत त्या सेनापतीची स्तुती म्हटली, मोठ्याने, एका दमात. मला एक शब्द कळला नाही, पण मीही हात जोडले.

मग ती टुंडेला म्हणाली, “आता तीनदा टकटक कर, थांब, आणि कुलूप काढ.”

टक. टक. टक. सावकाश, स्पष्ट.

“छान. आता उघड.”

टुंडेने उजेड दारावरच धरून ठेवला.

“आत्या, माझ्या एका हातात फोन आहे, दुसऱ्यात टॉर्च. मी अजून टकटक केलीच नाही.”

फोलाकेने माझं मनगट धरलं, ते दुखेपर्यंत. आवाज मात्र शांत होता.

“मग कुलूप राहू दे. सरकारी माणसांना सांग, घराला माझा होकार आहे. तिकिटाची खिडकी बाहेर अंगणात. पाऊस आला तर छत्री घेऊन बसा.”