आमच्या टेंभुर्णीत तिनं माप ओलांडलं न्हाई

मंडळी, शेवट काय झाला ते मला परत सांगू नका!

आज दुपारी आपल्या मालिकेचा शेवटचा भाग होता. मारकुट्या नवऱ्याला सोडून गेलेली नायिका परत त्याच्याच दारात उभी. सासूनं उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, नव्या नवरीला ठेवतात तसं. तिनं पाय उचलला आन् आमच्याकडं लाईट गेली. लोडशेडिंग!

आई म्हणली, "ओलांडलं असंल. बाईला नांदावंच लागतं." बोलली मालिकेचं, पण बघितलं माझ्या बहिणीकडं. तीही मार खाऊनच माहेरी आलेली. उद्या सासरचे तिला न्यायला येणार हायेत.

बहीण म्हणली, "आई, तिचा पाय अजून वरच हाय. मी न्हाई टेकू देणार."

लाईट आली तवा मालिका संपली होती. बहिणीनं टीव्ही बंद केला आन् भरलेली बॅग रिकामी केली.

आता नेट कॅफेत येऊन मालिकेच्या या फोरमवर बघतो, तर तुम्ही सगळ्यांनी लिहिलंय, "ती आत गेली, किती गोड शेवट!" गेली असंल तुमच्याकडं. आमच्याकडं ती परत फिरली.

ती तुमची बहीण असती, तर हाच शेवट गोड लागला असता का?